भावोजींचं पर्यावरण

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पुढारी होता. तोंडावर मी त्याला कायम भावोजी म्हटलं, अहो-जाहो केलं, चतुर्थीला त्याच्या पाया पडलो. इथे लिहिताना मात्र तेवढा मान त्याला द्यायची माझी तयारी नाही.

बाजारात माझं स्पीकर आणि मंडप भाड्याने द्यायचं दुकान आहे. जत्रा, लग्नं, दशावतार आणि निवडणुका यांवर ते चालतं. त्यामुळे त्याचं पहिलं भाषण मी ऐकलं आणि पुढची बहुतेक सगळीही मलाच ऐकावी लागली. लोक पुढाऱ्याला समोरून बघतात. मी त्याला बाजूने बघत आलो, स्पीकरच्या मशीनपाशी खुर्ची टाकून. बाजूने बघितलं की माणूस हातवारे करता करता घड्याळाकडे किती वेळा बघतो तेही दिसतं.

अठ्ठ्याण्णवच्या आसपास तो जिल्हा परिषदेच्या वाटेला लागला. त्याआधी तो काय करायचा हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कुणाच्या तरी जीपमधून फिरायचा. त्याचं गाव खाडीच्या काठावर, मालवणपासून फार लांब नाही. काठाला चिपीचं दाट रान होतं. चिपी म्हणजे खाऱ्या चिखलात उभी राहणारी झाडं, पुस्तकात ज्यांना कांदळवन म्हणतात ती. कुणा बाहेरच्या माणसाला ते रान तोडून तिथे कोळंबीचे तलाव करायचे होते, आणि त्या माणसाचा झेंडा आमच्या भावोजींनी खांद्यावर घेतला.

देवळासमोर सभा झाली. बोलायला उभा राहण्याआधी तो माइकमध्ये फुंकर मारायचा, ही त्याची सवय मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मग त्याने सुरुवात केली.

"ह्या चिपयेत काय पिकता सांगा! चिखल पिकता आणि डांस पिकतत! माका हय कोळंबी पिकवची आसा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांत एक म्हातारी बसली होती. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा करायच्या आणि बाजारात विकायच्या, यावर तिचं घर चालायचं. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "चिपी गेली तर तिसऱ्यो खंय गावतल्यो?"

"आजये, तिसऱ्यो खावन किती दिवस रवतलंस? आता कोळंबी खा!"

सभा हसली. म्हातारीने पदर तोंडाला लावला.

आठवडाभरात रान तोडायचा मुहूर्त झाला. पेपरवाल्यांसाठी पहिला घाव त्याने घातला. बाप तालुक्याच्या कचेरीत कारकून, याच्या हातात आयुष्यात कोयता आलेला नव्हता. कोयता खोडात रुतला तो निघेना. फोटो झाला, भावोजी रुमालाने हात पुसत बाजूला झाले आणि मजुरांनी कोयता सोडवून झाड पाडलं. त्या फोटोखाली पेपरात ‘विकासाचा पहिला घाव’ असं छापून आलं होतं. तो निवडून आला.

कोळंबी थोडे दिवस पिकली. मग तिला रोग लागला, पाणी सडलं, सडलेलं पाणी खाडीत सोडलं, आणि तलाववाला माणूस एका पावसाळ्यात गेला तो परत आलाच नाही. मागे खड्डे राहिले. त्या बाजूच्या तिसऱ्या संपल्या. म्हातारीला पलीकडच्या काठाला जावं लागायचं. भावोजींना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "तो विषय सध्या शासनदरबारी प्रलंबित आहे."

याच सुमाराला मला एक गोष्ट कळली. तो खरं बोलत असला किंवा नुसता चिडला असला की मालवणीत बोलायचा. खोटं बोलायची वेळ आली की पुस्तकी मराठीत शिरायचा. कचेरीत आम्ही सगळेच पुस्तकी बोलतो, त्यात काही वावगं नाही. पण हा स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोशी बोलतानासुद्धा ‘प्रलंबित’ म्हणायचा.

त्या बायकोबद्दल सांगायला हवं. माझी बहीण. तिला आम्ही बाय म्हणतो. शाळा चौथीपर्यंत, पुढे घरकाम, मग लग्न. पुढाऱ्याचं घर म्हणजे वेळी-अवेळी येणारी माणसं आणि सतत उकळणारा चहा. बाय ते सगळं निभावायची. तिची जीभ तिखट, पण ती स्वयंपाकघरापुरतीच. पडवीवर पुरुषमाणसं बसली की तिचा आवाज बाहेर यायचा नाही.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याचं तिकीट कापलं. सहा महिने तो पडवीवर पेपर चाळत बसून राहिला. जीप येईनाशी झाली. बायने तेव्हा मला सांगितलं होतं, "जरा बरा वाटता रे. दोगांय एका टायमाक जेवतो." तेवढंच सुख तिच्या वाट्याला आलं.

मग मुंबईहून समुद्रकासवांचा अभ्यास करणारी काही माणसं आली. सभ्य माणसं होती, उन्हातान्हात वाळूतून फिरायची. गावात लॉज नव्हता, म्हणून ती बायच्या घरी उतरली. संध्याकाळी ती पडवीवर आपसांत बोलायची आणि भावोजी शेजारी बसून ऐकायचे. दोन-चार दिवसांत ‘जैवविविधता’ आणि ‘परिसंस्था’ हे शब्द त्यांच्या तोंडात बसले. एका संध्याकाळी मी तिथेच होतो. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "इथे पूर्वीपासून कासवं येतात का हो?"

भावोजींनी समुद्राकडे बघितलं. "लहानपणापासून मी त्यांची अंडी राखत आलो आहे. तो आमच्या घराण्याचा संस्कार आहे."

बाई लिहून घेऊ लागल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बाय चुलीपुढे तोंडात पदर कोंबून हसत होती.

"राखल्यानी? व्हय तर, राखल्यानी! पोटात राखल्यानी! सासू सांगा होती माका, टोपलेच्या टोपले उकडून खाल्ल्यानी म्हणान."

पाहुणे गेले, पण जाताना त्यांनी त्याला एक नवा धंदा देऊन टाकला. पुढे तो झब्बा घालू लागला, खांद्याला कापडी पिशवी आली. मला म्हणाला, "मंडपाक ताडपत्री नको. झावळ्यो घाल." झावळ्या विणून घ्यायला आणि बांधायला मला दुप्पट माणसं लागायची, आणि त्या झावळ्यांच्या मंडपात बसून तो साधेपणावर बोलायचा.

तेवढ्यात डोंगराचं प्रकरण आलं. गावाच्या मागे सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्याच्या पोटातून झरे निघतात. खालच्या विहिरी आणि पोफळीच्या बागा त्यांच्यावरच चालतात. त्या सड्याखाली लोखंडाचा दगड आहे असं एका कंपनीला कळलं. गाड्या येऊ लागल्या, बागायतदारांच्या घरी माणसं खेपा घालू लागली. गाव घाबरलं, आणि घाबरलेल्या गावाला पुढारी हवा होता. आमचा पुढारी तर मोकळाच बसला होता.

त्या वेळचं त्याचं भाषण चांगलं झालं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. शेवटी तो मालवणीत म्हणाला, "डोंगर आपली आवस आसा. आवशीक कोण इकता काय?" डोंगराला आई म्हटल्यावर माणसं उभी राहिली. बाय मागे बायकांत होती. तिचे डोळे भरले होते. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच तिला त्याचा अभिमान वाटला असेल.

फरक एवढाच झाला की त्याने म्हटलेलं तिने खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं आटोपलं की ती बाहेर पडायची. बागायतदारांच्या घरी, कोळ्यांच्या गाबतवाड्यात, खालच्या वाडीत. तिला भाषण येत नव्हतं. ती चुलीपाशी जाऊन बसायची आणि विचारायची, "तुझे बावडेक पाणी खयसून येता, ठावक आसा मा तुका?" हळूहळू बायका तिच्यामागे यायला लागल्या. ती तिसऱ्यांवाली म्हातारीही आली. भावोजींनी तोडलेल्या चिपीबद्दल तिने बायला एका शब्दानेही सुनावलं नाही.

कंपनीचं भोकं पाडायचं मशीन सड्यावर चढवायचा दिवस आला तेव्हा बायका रस्त्यावर बसल्या. भावोजींनी त्यांच्यापुढे छोटं भाषण केलं आणि जिल्ह्याच्या साहेबांना निवेदन द्यायला ओरोसला जायचं म्हणून गाडीत बसून निघून गेले. दुपारी पोलीस आले. बायकांना ओढून बाजूला करताना बाय रस्त्याकडेच्या दगडावर पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. मीच तिला इस्पितळात नेलं. वाटेत ती रडली नाही. मशीन वर गेलं का, एवढंच विचारत होती. मशीन गेलं नव्हतं. बायका परत येऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी भावोजी आले ते फोटोवाल्याला घेऊन. प्लास्टर घातलेली बाय आणि शेजारी ते, असा फोटो मुंबईच्या पेपरात आला. त्यात बायचा हात दिसत होता आणि चेहरा कापला गेला होता. भावोजी मात्र पूर्ण होते.

पुढे त्याने उपोषण केलं. मंडप माझाच. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाले येणार असं कळल्यावर त्याने मला बोटाने जवळ बोलावलं. तो आडवा पडला होता, उशाला लोड होता. मला वाटलं, पाणी-बिणी हवं असेल.

"मशीनचो आवाज कमी कर," तो कानात म्हणाला. "माझो आवाज बारीक येवक होयो. अशक्त वाटाक होयो."

मी आवाज कमी केला. धंदा होता माझा. टीव्हीवर त्याचा तो खोल गेलेला आवाज ऐकून माझ्या दुकानासमोरच्या हॉटेलात बायका डोळे पुसत होत्या.

कंपनीचं मशीन परत गेलं. बायकांनी हटवलं की कंपनीनेच थोडा काळ माघार घेतली, ते कुणाला माहीत. श्रेय भावोजींचं झालं. मुंबईत सत्कार झाला, शाल मिळाली, ‘किनाऱ्याचा पहारेकरी’ असं कोरलेली पितळी पाटी मिळाली. बाय गेली नाही. तिला बोलावलंच नव्हतं.

सत्कारानंतरच्या पर्यावरण दिनाला त्याने खाडीकाठी चिपीची रोपं लावायचा कार्यक्रम घेतला, जिथे पूर्वी रान तोडलं होतं त्याच बाजूला. शाळेची मुलं रांगेने उभी होती. ओहोटीचा चिखल मऊ होता. रोपं जेमतेम चार बोटं खोल खोचली, फोटो झाले, मुलांना केळी वाटली. मी वायर गुंडाळत होतो तोवर भरती चढली आणि ती रोपं तरंगत समोरच्या काठाला निघाली. पलीकडून येणारी तिसऱ्यांवाली म्हातारी डोक्यावरची टोपली सावरत थांबली.

"आधी तोडल्यानी," ती मला म्हणाली, "आता पाण्यात सोडल्यानी."

आता इतका मोठा झालेला माणूस आमच्या गावात कसा राहणार? निवडणुका जवळ आल्या तसा त्याने पक्ष बदलला आणि ज्यांची सत्ता येणार त्यांच्यात जाऊन बसला. सत्ता आली. त्याला कुठल्याशा महामंडळावर घेतलं, दिव्याची गाडी मिळाली. आणि मी मशीनपाशी बसून त्याचं वाक्य बदलताना ऐकत होतो. आधी तो म्हणायचा, खाण नको. मग म्हणू लागला, अशी खाण नको. मग एका सभेत पुस्तकी मराठीत म्हणाला, "आपला विरोध खाणीला नाही, अशास्त्रीय खाणीला आहे. शास्त्रशुद्ध खाणकामातून भूमिपुत्रांना रोजगार मिळणार असेल तर विचार व्हायला हवा."

त्या रविवारी मी दुपारी त्यांच्याकडे जेवायला होतो. बाय वाढत होती. हाताला अजून जोर नव्हता, डाव्या हाताचा आधार घेऊन ती कालवणाचं भांडं धरायची. भावोजी जेवत असताना तिने विचारलं, "शास्त्रशुद्ध खाण म्हणजे काय वो?"

"म्हणजे पाण्याचं नियोजन, वृक्षारोपण, पुनर्भरण..."

"घरात असा कित्याक बोलतास? आपल्या भाषेत सांगा."

 भातात बोटं फिरवत तो म्हणाला, "तुका राजकारण कळाचा नाय."

"माका राजकारण नकोच. डोंगर रवतलो काय जातलो, तेवढा सांगा."

त्याने ताटातच हात धुतला आणि उठला. ताटात अर्धा बांगडा तसाच होता. बायने ताट उचललं आणि मला विचारलं, "तुका आणखी भात घालू?"

मग त्या खाणीची जनसुनावणी लागली. शाळेच्या पटांगणात मंडप, मंडपात माझा स्पीकर. स्टेजवर सरकारी अधिकारी, कंपनीची माणसं आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या झब्ब्यात भावोजी. समोर गाव. बाय बायकांच्या घोळक्यात आली. स्टेजजवळ मान्यवरांच्या घरच्यांसाठी खुर्च्या ठेवल्या होत्या, तिकडे तिने बघितलंही नाही. मागे सतरंजीवर बसली.

बागायतदार बोलले, कोळी बोलले, कंपनीच्या माणसाने पडद्यावर हिरवी चित्रं दाखवली. मग बाय उठली. आयुष्यात कधी तिने माइक हातात धरलेला नव्हता. माझ्याच माणसाने तो तिच्याकडे नेला. अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, नाव सांगा."

"नाव ह्यांका ठावक आसा," ती स्टेजकडे बोट करून म्हणाली. "तेंका इचारा."

 तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग ठाम झाला.

"मी घरात इचारलंय. घरात जबाब गावना, म्हणान हय इचारतंय. माझो हात मोडलो तेव्हा तुम्ही म्हणा होतास, डोंगर आवस आसा, आवशीक कोण इकता काय. आता काय, आवशीक शास्त्रशुद्ध इकतलास?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि मांडीजवळ हात खाली दाबून खूण केली. आवाज कमी कर. मी मशीनच्या बटणाला हात लावला आणि आवाज वाढवला. त्याच्यासाठी ते बटण मी पुष्कळ फिरवलं होतं, त्यामुळे मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

तो उभा राहिला. मला खरंच वाटलं होतं, आता तरी तो मालवणीत बोलेल. चिडेल, ओरडेल, घरी बस म्हणेल. ते परवडलं असतं. पण त्याने माइकमध्ये फुंकर मारली, मान झुकवली आणि म्हणाला, "या ताईंच्या भावनांचा मी मनापासून आदर करतो."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मागच्या बाजूने एक बाई हसली. तिच्या शेजारची हसली. मग पुरुष हसले, कडेला उभे असलेले पोलीस हसले, अधिकाऱ्याने कागद तोंडापुढे धरला. कुणीतरी ओरडलं, "वो, तुमची बायल ती!" भावोजी तसेच उभे होते. आपण काय बोलून गेलो हे त्यांना बहुतेक हसण्याच्या आवाजातच कळलं असावं. मी बाजूने बघत होतो. त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

बाय हसली नाही. तिने माइक माझ्या माणसाच्या हातात दिला, साडी सारखी केली आणि बायकांमधून चालत पटांगणाबाहेर गेली. त्या गडबडीत सुनावणी पुढे ढकलली.

तो कुडाळला फ्लॅटवर राहायला गेला. बायने घर सोडलं नाही. आईने तिला माहेरी यायला सांगितलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "मी कित्याक येव? घर सोडून तो गेलो." चतुर्थीला तो आरतीपुरता येतो. ती त्याला पाट मांडते, मोदक वाढते आणि परक्या पाहुण्याशी बोलावं तसं दोन शब्द बोलते. गावातली पोरं त्याच्या गाडीमागे ‘ताईनू, ताईनू’ असं ओरडतात. गावात त्याला आता सभा घेता येत नाही. गावाबाहेर मात्र त्याचं छान चाललं आहे.

किती छान, ते मी दोन हजार दहा साली देवगडला बघितलं. समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणावर कसलासा मेळावा होता, स्पीकर माझा ठरवला होता. मुख्य वक्ता कोण हे मला तिथे गेल्यावर कळलं. तो चिपीवर बोलला. चिपी म्हणजे किनाऱ्याचं कवच, असं काहीतरी. मग रस्त्यावरच्या त्या दिवसाची गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीत तो स्वतः रस्त्यावर बसलेला होता. "माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पत्नीचा हात मोडला," तो म्हणाला आणि थांबला. आवाज मी कमी केला नव्हता. आता त्याला तो आपला आपण बारीक करता येत होता. कॉलेजची मुलं उठून टाळ्या वाजवत होती.

निघताना तो माझ्यापाशी आला. "बाय बरी आसा मा?"

"आसा," मी म्हटलं आणि वायर गुंडाळत राहिलो. राग यायला हवा होता. आला नाही. भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत नीट लागल्यात की नाहीत, एवढंच मी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बायकडे गेलो. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. ‘डोळ्यांदेखत’ हा शब्द आला तेव्हा तिने एकदा माझ्याकडे बघितलं.

"टाळ्यो मारल्यानी लोकांनी?"

"मारल्यानी."

"मगे तेंका बरा वाटला आसतला," ती म्हणाली आणि हात झाडून उठली. "तू टेम्पो आणलंस? चल मगे. सड्यार कंपनीच्या माणसांनी परत येवन मोजणीचे खुंट मारल्यानी म्हणतत. वाडीतल्यो बायको फुडे गेल्यो आसत."

आम्ही वर गेलो. सड्यावर ऊन मी म्हणत होतं. लाल टोकांचे खुंट रांगेने मारलेले होते, पार झऱ्याच्या तोंडापर्यंत. चार-पाच बायका आधीच वाकून कामाला लागल्या होत्या. बायने पदर खोचला, पहिला खुंट दोन्ही हातांनी धरून हलवला. तो दगडाच्या फटीत घट्ट बसला होता.

"बघतंस काय," ती मला म्हणाली, "तेका दगडान ठोक दोनी बाजूंनी. सैल जाता."